चालता धंदा देणे आहे

बेळगावच्या उद्यमबागेत एखादी शेड बंद पडली तर त्याची बातमी होत नाही. आधी रात्रपाळी थांबते. मग आठवड्यातले दोन दिवस काम नसतं. मग एके दिवशी दारात ट्रक लागतो आणि लेथ, ड्रिलिंग मशीन, वेल्डिंगचे सेट किलोच्या भावाने चढवले जातात. वडगाव, खासबाग, शहापूर भागातल्या यंत्रमागांचीही हीच गत. माग चालू असताना त्याची किंमत वेगळी असते. थांबला की तो फक्त लोखंड म्हणून मोजला जातो. मालकाला विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं : “पोरगं बेंगळूरला हाय, परत काय येत नाही. मी एकटा किती दिवस रेटू?”

त्याच गावात, त्याच सुमाराला, दुसरा एखादा तरुण नव्या युनिटचा प्रकल्प अहवाल घेऊन बँकेत बसलेला असतो. नवी शेड, नवं वीज कनेक्शन, नवे कामगार, आणि अजून न मिळालेलं गिऱ्हाईक. या दोघांची गाठ कुणी घालून देत नाही. एकाचा वीस-तीस वर्षांचा जम मोडीत निघतो आणि दुसरा तोच जम बसवायला शून्यापासून सुरुवात करतो. सीमाभागातल्या छोट्या उद्योगांचं आणि बाजारपेठांचं मोठं नुकसान इथे होतं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. चालता धंदा विकणं आणि विकत घेणं ही आपल्याकडे नीट रुळलेली गोष्टच नाही.

याचं पहिलं कारण लाज. दुकान विकलं म्हणजे दुकान बुडालं, असंच गल्लीत समजलं जातं. दुसरं कारण लाजेपेक्षा व्यवहारी आहे. मालक विकणार अशी कुणकुण लागली की घाऊक व्यापारी उधारीवर माल द्यायला हात आखडता घेतो, कामगार दुसरीकडे बघू लागतात आणि ज्यांच्याकडे येणं आहे ते देणं लांबवतात. म्हणून मालक शेवटपर्यंत बोलत नाही. बोलतो तेव्हा धंद्यात विकण्यासारखं फारसं उरलेलं नसतं.

मग घेणाऱ्याने असा धंदा शोधायचा कुठे? ‘तरुण भारत’ किंवा ‘पुढारी’च्या छोट्या जाहिरातींत ‘चालू हॉटेल देणे आहे’, ‘गिरणी साहित्यासह विकणे आहे’ अशा ओळी सापडतात, पण चांगले धंदे तिथवर क्वचितच पोचतात. ते आधीच तोंडी सुटतात. आणि या तोंडी बाजाराची खरी माहिती पिग्मी गोळा करणाऱ्याकडे असते. १९२८ साली उडुपीच्या कॅनरा इंडस्ट्रियल अँड बँकिंग सिंडिकेटने, म्हणजे पुढच्या सिंडिकेट बँकेने, दारात जाऊन रोज थोडेथोडे पैसे गोळा करण्याची ही योजना काढली. बेळगाव-निपाणीच्या सहकारी बँका आणि पतसंस्थांमध्ये ती आजही चालू आहे. हा माणूस रोज ठरल्या वेळी शंभर दुकानांच्या पायऱ्या चढतो. कुणाची पिग्मी पाचशेवरून शंभरावर आली, कुणाच्या गल्ल्यावर हल्ली मालकाऐवजी नोकर बसतो, कुणाचा मुलगा परदेशी गेला, हे त्याला कुणी सांगावं लागत नाही. तो ते बाहेर बोलत नाही, बोलूही नये. पण “एखादं चालू दुकान निघालं तर कळवा” असं त्याच्या कानावर घातलेलं वाया जात नाही. त्याच्याखालोखाल कंपन्यांचे सेल्समन, कर सल्लागार आणि मशीन दुरुस्त करणारे फिटर. फिटरला तर मशीनची तब्येतही ठाऊक असते.

धंदा सापडला की पहिला प्रश्न नफ्याचा. इथे बहुतेक जण फसतात, आणि विकणारा खोटं बोलत नसतानाही फसतात. समजा, एक किराणा दुकानदार वर्षाला ९ लाख सुटतात असं सांगतो. आकडा खरा आहे. पण जागा मालकाची स्वतःची असल्याने भाडं धरलेलं नाही. तीच जागा महिना २० हजाराने घ्यायची म्हटलं की २ लाख ४० हजार गेले. नवरा-बायको दोघं सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत राबतात आणि पगार घेत नाहीत. त्यांच्या जागी महिना १५ हजारांची दोन माणसं ठेवली की ३ लाख ६० हजार गेले. उरले ३ लाख. धंद्याची कमाई एवढीच. बाकीची त्या जोडप्याची मजुरी आणि त्यांच्या भिंतींचं भाडं. मालक १५ लाख मागतो, त्यात मोजून ६ लाखांचा माल निघतो. म्हणजे फर्निचर आणि नावलौकिकापोटी ९ लाख, तीन वर्षांची खरी कमाई. हा सौदा परवडतो की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, पण ९ लाखांवर हिशोब मांडून ठरवू नये.

आकडे पडताळायला जीएसटीची विवरणपत्रं असतातच, पण छोट्या धंद्यात ती पुरत नाहीत. काही व्यवहार पावतीविना झालेले असतात आणि विकताना मालक “कागदावर कमी दिसतं, खरा धंदा जास्त आहे” असं सांगतो. जे कागदावर नाही त्याचे पैसे देऊ नयेत, असं माझं म्हणणं. तरीही अंदाज घ्यायचाच असेल तर दुसऱ्या बाजूने घ्यावा. पिठाच्या गिरणीचं हेस्कॉमचं वर्षभराचं वीजबिल मागा. किती दळण झालं ते युनिटांवरून कळतं. हॉटेलात दूधवाल्याचं आणि गॅसचं बिल बघा. मिठाईच्या दुकानात खव्याची खरेदी बघा.

सीमाभागात आणखी एक तपासणी मी आग्रहाने करायला सांगेन. बेळगावच्या बाजारात चंदगडचं गिऱ्हाईक येतं, खानापूरचं येतं, गोव्याहूनही येतं. निपाणीची बाजारपेठ तर कागल, मुरगूड, गडहिंग्लजच्या येण्याजाण्यावर उभी आहे. यातलं कितीतरी गिऱ्हाईक राज्याच्या सीमेपलीकडचं. करोनाच्या काळात निपाणीजवळच्या कोगनोळी नाक्यावर चाचणीचा दाखला मागितला जाऊ लागला आणि हे येणंजाणं एका रात्रीत आटलं. डिसेंबर २०२२ मध्ये सीमाप्रश्न पुन्हा तापला, बेळगावजवळ हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली, एसटीच्या फेऱ्या थांबल्या. ज्या धंद्याचं निम्मं गिऱ्हाईक एसटीने येतं त्याच्यासाठी हा थेट गल्ल्यावरचा घाव होता. १९५६च्या नोव्हेंबरात हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. निकाल लागेपर्यंत असे दिवस पुन्हा येऊ शकतात. म्हणून घेणाऱ्याने चांगल्या महिन्यांची विक्री बघून भुलू नये. त्या वाईट महिन्यांची वही मागावी. ज्या दुकानाने तेव्हा उधारी न थकवता आणि माणसं न काढता तग धरला, त्याला दोन पैसे जास्त द्यायला हरकत नाही.

आता जागा. बेळगावातून निघालेल्या सर्वांत मोठ्या उद्योगाची कहाणी जागेपाशीच वळली होती. किर्लोस्कर बंधूंचं सायकलचं दुकान १८८८ साली बेळगावात सुरू झालं. पुढे लक्ष्मणराव मुंबईच्या व्हीजेटीआयमधली नोकरी सोडून आले, कडबाकापणी यंत्रं आणि लोखंडी नांगर करू लागले. कारखाना रुळत असतानाच नगरपालिकेने जागा रिकामी करायला सांगितली. औंधच्या राजांनी कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळ आणि १० हजार रुपये कर्ज दिलं, म्हणून १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. बेळगावात आता किर्लोस्कर रोड हे नाव आहे. लक्ष्मणरावांना औंधचे राजे भेटले. आजच्या दुकानदाराला घरमालकाने बाहेर काढलं तर कुणी माळ देणार नाही.

गणपत गल्ली, खडेबाजार, मारुती गल्लीतल्या कितीतरी दुकानांचे भाडेकरू दोन पिढ्यांचे आहेत. भाडं जुनं, करार तोंडी किंवा केव्हाच संपलेला. असं दुकान घेताना तुम्ही भाडेकरूकडून त्याचा ताबा विकत घेत असता आणि घरमालकाची लेखी संमती नसेल तर तो ताबा वाळूवर उभा असतो. कोल्हापूरचे नातेवाईक सांगतात, “पगडी कायद्यात बसते.” महाराष्ट्राच्या १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्यात तशी तरतूद आहे हे खरं, पण तो कायदा कागलपाशी संपतो. कर्नाटकात कर्नाटकाचा कायदा लागू होतो आणि तो इथल्याच वकिलाकडून समजून घ्यावा लागतो. औद्योगिक वसाहतीत शेड असेल तर केआयएडीबी किंवा केएसएसआयडीसी या राज्य सरकारच्या संस्थांची परवानगी हवी. फौंड्री असेल तर प्रदूषण मंडळाची संमती आणि मंजूर वीजभार कुणाच्या नावे आहे तेही बघायला हवं. कागद बरेचसे कन्नडमध्ये असतात. ज्याला कन्नड नीट वाचता येत नाही त्याने आपल्या बाजूचा, आपल्या खर्चाचा वाचणारा माणूस बरोबर न्यावा. विकणाऱ्याने वाचून दाखवलेल्या कागदावर सही करू नये.

दुकानाच्या मालकीचाही शोध घ्यावा लागतो. पाटीवर एका भावाचं नाव असतं, पण भांडवल वडिलांचं आणि जागा वडिलोपार्जित. कर्नाटकाने १९९४ पासूनच मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मसिद्ध वाटा दिला. देशभर तो २००५ मध्ये आला. म्हणजे इचलकरंजीला किंवा कोल्हापूरला दिलेल्या बहिणींच्या सह्याही हव्यात. व्यवहार झाल्यावर वर्षभराने बहीण दारात उभी राहते, तेव्हा चूक तिची नसते. इसार देण्याआधी वकिलामार्फत जाहीर नोटीस द्यावी, आणि ती मराठी व कन्नड अशा दोन्ही वृत्तपत्रांत द्यावी. इथली घरं दोन्ही भाषांत वाचतात.

एकट्या मालकाचा धंदा असेल तर त्याचा जीएसटी क्रमांक तुम्हाला मिळत नाही. तो त्याच्या पॅनला जोडलेला असतो. तुमची नोंदणी नवी. शिल्लक राहिलेली कराची वजावट मात्र ठरलेला अर्ज आणि सनदी लेखापालाचा दाखला देऊन वर्ग करून घेता येते, आणि पुष्कळ जण ती सोडून देतात. जीएसटी कायद्याचं ८५वं कलम घेणाऱ्याने वाचलंच पाहिजे : धंदा हस्तांतरित होण्यापूर्वीचा थकलेला कर, व्याज, दंड विकणारा आणि घेणारा या दोघांकडूनही वसूल होऊ शकतो, मग तो आकडा हस्तांतरणानंतर निघालेला असला तरी. म्हणून शेवटचा हप्ता काही महिने राखून ठेवायचा असतो. यात अविश्वास दाखवण्यासारखं काही नाही. प्रामाणिक विकणाऱ्याला ते सांगितलं की पटतं.

पाटीचाही विचार करावा लागतो. कर्नाटकात २०२४ च्या दुरुस्तीनंतर पाटीवरची साठ टक्के जागा कन्नडला द्यावी लागते. नाव बदलण्याचा मोह याच वेळी होतो, कारण पाटी नवी करायचीच असते. तो टाळावा. लोक वर्षानुवर्षं ज्या नावाने पत्ता सांगतात, त्याचेच तर तुम्ही पैसे मोजलेत. नाव तेच ठेवा, दोन्ही लिप्यांत ठेवा.

आणि ज्याने नाव विकलं त्याने चार महिन्यांनी समोरच्या गाळ्यात तेच दुकान पुन्हा थाटलं तर? हे घडतं. १८७२च्या करार कायद्यात २७वं कलम आहे. कुणाला धंदा करण्यापासून रोखणारा करार ते एरवी रद्दबातल ठरवतं, पण नावलौकिक विकणाऱ्याला अपवाद करतं. ठरावीक हद्दीत तसाच धंदा करणार नाही, असं त्याच्याकडून लिहून घेता येतं, हद्द वाजवी असली म्हणजे झालं. एवढा एक परिच्छेद करारात घालायला वकील जास्त पैसे घेत नाही.

प्रत्येक धंद्याची गोम वेगळी. फौंड्री घेणाऱ्याला आवारात रचलेले पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, दिसतात आणि ते सगळे सौद्यात आले असं वाटतं. प्रत्यक्षात त्यातले पुष्कळ पॅटर्न गिऱ्हाईक कंपनीचे असतात. तिने परत मागितले की कामही गेलं. मोठ्या कंपनीने दिलेली पुरवठादाराची मान्यताही आपोआप नव्या मालकाकडे येत नाही. म्हणून सौद्याआधी विकणाऱ्याला बरोबर घेऊन पहिल्या तीन-चार गिऱ्हाइकांच्या खरेदी विभागात जाऊन बसावं. कुंद्याचं दुकान घ्यायचं तर दूध आटवणारा आचारी राहणार का, हे आधी विचारावं. तो गेला तर तुमच्याकडे कढया आणि काचेची कपाटं उरतात. औषधाच्या दुकानात परवाना आणि फार्मासिस्ट, दोन्ही नव्याने जुळवावं लागतं.

निपाणीच्या तंबाखूच्या वखारीची गोष्ट आणखी निराळी. इथे धंदा म्हणजे चिकोडी, हुक्केरी, कागल भागातल्या शेतकऱ्यांशी असलेलं जुनं खातं. शेतकरी नेते शरद जोशींच्या नेतृत्वाखाली १४ मार्च १९८१ पासून हजारो तंबाखू शेतकरी भावासाठी निपाणीजवळ महामार्गावर ठाण मांडून बसले, ६ एप्रिलला गोळीबार झाला आणि शेतकरी मेले. त्या गावात भावाची, वजनाची आणि वेळेवर दिलेल्या पैशांची आठवण पिढ्यान् पिढ्या टिकते. वखारीतल्या आणि विडी वळणाऱ्या बायकांनीही त्याच सुमाराला संघटना बांधून आपले हक्क मिळवले. अशा ठिकाणी जुनं नाव विकत घेणारा जुन्या मालकाची पत घेतो, तशी त्याची बदनामीही घेतो. आधी गावांत जाऊन शेतकऱ्यांना विचारावं की या वखारीत काटा कसा लागायचा.

कामगारांकडे येतो, कारण सौद्यात सगळ्यात शेवटी त्यांचा विचार होतो. मालक बदलला तरी अटी कमी न करता नोकरी अखंड चालू ठेवायची आणि मागची सेवा धरायची, नाहीतर भरपाई द्यायची, हे तत्त्व १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात पुढे घातलं गेलं आणि नव्या कामगार संहितेतही ते आहे. भविष्य निर्वाह निधीची थकबाकीही नव्या मालकामागे येते, त्याने घेतलेल्या मालमत्तेच्या किमतीपर्यंत. ग्रॅच्युइटीचा आकडा तर कुणी मांडतच नाही. महिना १८ हजार रुपयांवर वीस वर्षं झालेला एक कामगार : १८ हजार भागिले २६, गुणिले १५, गुणिले २०, म्हणजे २ लाख ७ हजारांच्या वर. असे पाच जण असले तर १० लाखांहून जास्त देणं धंद्यावर आहे आणि ते ताळेबंदात दिसत नाही. हे पैसे विकणाऱ्याने त्यांना आधी द्यावेत किंवा किमतीतून वजा करावेत. दोन मालकांच्या घासाघिशीत कामगाराचे पैसे बुडाले, तर तो सौदा कायद्यात कसाही बसवा, मी त्याला चोरीच म्हणेन.

सरकारचं धोरण मात्र या सगळ्याच्या उलट्या दिशेला आहे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादनासाठी ५० लाखांपर्यंतचा आणि सेवेसाठी २० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो, अनुदान मिळतं, पण ते मुख्यतः नव्या युनिटला. चालू असलेलं दुसऱ्याचं युनिट घ्यायला त्यात जागा नाही. परिणामी एखादी चालू बेकरी बंद पडते आणि तिच्या शेजारी अनुदानावर नवी उघडते. एखाद्या कुटुंबाचा थांबणारा धंदा त्याच्याच कामगाराने किंवा गावातल्या तरुणाने घेतला, चार नोकऱ्या वाचल्या, तर त्यालाही तेवढीच मदत मिळायला हवी. बेळगावच्या सहकारी बँकांनी यात पुढाकार घ्यावा असं मला मनापासून वाटतं. कर्जदार, जामीनदार आणि विकणारा, तिघंही त्यांच्याच खात्यावर असतात; त्यांच्याइतकी माहिती मोठ्या बँकेला कधीच नसते.

सौदा ठरला की उधारीची वही विकत घेऊ नये. ती वसूल करायला विकणाऱ्याला मदत करावी, येईल तसे पैसे त्याला द्यावेत. मालाची मोजणी दोघांनी मिळून, दुकान बंद ठेवून करावी. मुदत संपलेला माल बाजूला काढावा. पैसे एकरकमी देण्यापेक्षा निम्मे आधी आणि निम्मे वर्षभरात, असं ठरलं तर जुन्या मालकालाही धंदा नीट चालण्यात रस राहतो. त्याने निदान तीन महिने गल्ल्याशेजारी खुर्ची टाकून बसावं. “हे आपलेच, आता हे बघणार” एवढं त्याने येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं की नव्या माणसाचं वर्षाचं काम हलकं होतं. कोण मराठीत बोलतो, कोण कन्नडमध्ये, कुणाला उधार द्यायचं, कुणाला हसून नाही म्हणायचं, हे कुठल्या करारात लिहिता येत नाही.

साठी ओलांडलेल्या आणि मुलं परतणार नाहीत हे मनातून ओळखलेल्या प्रत्येक मालकाला माझी विनंती आहे. हात चालू आहेत तोवर हा विषय घरात काढा. तीन वर्षांचे हिशोब स्वच्छ ठेवा, भाडेपट्टा नव्याने लिहून घ्या, भावाबहिणींशी बोला. आणि बाहेरचं गिऱ्हाईक शोधण्याआधी वीस वर्षं तुमच्या हाताखाली असलेल्या माणसाला विचारा. त्याच्याकडे एकरकमी पैसे नसतील. हप्ते बांधून द्या.